फळा पुसायचा कुणी? फ्लॅश मेमरी, डेटाबेस आणि डेअरीची पावती

मी राजूरवरून बोलतोय, तालुका अकोले. मागे पावसाचा आवाज येतोय तो खराखुरा आहे, इफेक्ट टाकलेला नाही. मध्येच लाइट गेली तर रेकॉर्डिंग तुटेल, ते एडिट करून घेऊ. आणि आजचा विषयही नेमका तोच आहे. लाइट जाते त्या क्षणी तुमच्या मशीनमधल्या नोंदीचं काय होतं?

विषयाचं नाव जड आहे: डेटाबेसला सोयीची पडेल अशी फ्लॅश स्टोरेज कशी बनवायची. पण घाबरू नका. तुम्ही हा भाग ज्या फोनवर ऐकताय त्या फोनमध्ये फ्लॅशही आहे आणि डेटाबेसही, आणि ते दोघं दिवसभर एकमेकांशी झटापट करतायत. फोन दोन वर्षांत मंद का होतो, याच्या उत्तराचा मोठा भाग या झटापटीत सापडतो.

आधी डेटाबेस. डेटाबेस म्हटलं की आपल्याला मुंबईतलं एखादं गार केलेलं सर्व्हर रूम दिसतं. पण अँड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट, एसएमएस, व्हॉट्सॲपचे मेसेज, हे सगळं एसक्यूलाइट नावाच्या छोट्याशा डेटाबेसमध्ये असतं. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रामरनं २००० साली तो आणला. त्याला सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. बनवणाऱ्यांचा स्वतःचा अंदाज असा की जगात एक लाख कोटींहून जास्त एसक्यूलाइट डेटाबेस वापरात आहेत. म्हणजे माणसांपेक्षा शंभरपटीहून जास्त.

आता फ्लॅश. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, आणि आपण आज वापरतो तो नँड प्रकार १९८७ चा. फ्लॅश हे नाव कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून आलं, कारण तिच्यात एका झटक्यात मोठा भाग पुसला जातो. हा झटक्यात पुसण्याचा गुण म्हणजेच तिची सगळी डोकेदुखी.

शाळेतला फळा आठवा. समजा नियम असा आहे की फळ्यावर ओळीनं लिहायचं, एक एक गणित. पण पुसायचं तर एखादं गणित पुसता येत नाही, अख्खा फळाच पुसावा लागतो. फ्लॅश अशीच आहे. लिहिण्याचं माप लहान, त्याला पेज म्हणतात, आजकाल साधारण १६ केबी. पुसण्याचं माप मोठं, त्याला ब्लॉक म्हणतात, काही एमबींचा. आणि लिहिलेल्या पेजवर पुन्हा गिरवता येत नाही. वर आणखी एक अट: फळा पुसून पुसून झिजतो. एका सेलमध्ये तीन बिट ठेवणारी जी टीएलसी फ्लॅश बहुतेक फोनमध्ये असते, ती साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसता येते. सुरुवातीची एक बिटवाली फ्लॅश लाखभर वेळा टिकायची. पण आपल्याला स्वस्तात १२८ जीबी पाहिजे होतं, तर ही त्याची किंमत.

मग असल्या फळ्यावर एका गणिताचं उत्तर बदलायचं असेल तर? नवीन उत्तर दुसऱ्या फळ्यावर लिहायचं, आणि वहीत टिपायचं की गणित नंबर सात आता तिकडे आहे. जुनं तसंच राहतं, फक्त रद्द समजायचं. ही वही सांभाळणारा वर्गाचा मॉनिटर म्हणजे स्टोरेज चिपच्या आतलं सॉफ्टवेअर. त्याचं नाव फ्लॅश ट्रान्सलेशन लेयर, आपण मॉनिटरच म्हणू. मोकळे फळे संपत आले की मॉनिटर एक फळा निवडतो, त्यावरची अजून लागणारी गणितं दुसरीकडे उतरवतो आणि मग फळा पुसतो. तुम्ही एक गणित लिहायला सांगितलं आणि मॉनिटरला पाच लिहावी लागली, तर त्याला म्हणतात राइट ॲम्प्लिफिकेशन. तुमचा फोन भरत आला की अडकायला लागतो, ते बरेचदा यामुळे. मॉनिटरकडे मोकळे फळेच नसतात. तो सतत उतरवतोय आणि पुसतोय, आणि तुमचा फोटो रांगेत उभा आहे.

आणि हे सगळं तो गुपचूप करतो. बाहेर तो सांगतो की मी हार्ड डिस्क आहे. हे सोंग आलं कुठून? आयबीएमनं १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क आणली, ५० तबकड्या आणि सुमारे ५० लाख अक्षरं मावतील एवढी जागा. तेव्हापासून पुढची पन्नास वर्षं जगातल्या सगळ्या सॉफ्टवेअरनं एकच गृहीत धरलं: स्टोरेज म्हणजे नंबर घातलेले कप्पे, कुठल्याही कप्प्यात कितीही वेळा गिरवा. फ्लॅश आल्यावर हे सगळं सॉफ्टवेअर पुन्हा कोण लिहिणार? म्हणून फ्लॅशलाच डिस्कचं सोंग घ्यायला लावलं. व्यवहाराच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. गंमत म्हणजे सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनमध्ये हे सोंग नव्हतं. तिथे याफ्स नावाची फाइल सिस्टिम सरळ उघड्या फ्लॅशशी बोलायची. २०१० च्या आसपास आतच मॉनिटर बसवलेल्या चिप आल्या आणि ती पद्धत मागे पडली.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. त्यासाठी आपल्या गावाकडचीच जागा घेतो, दूध संकलन केंद्र.

संध्याकाळी सहा-साडेसहाची वेळ. किटल्या, कॅन घेऊन रांग लागलेली. काट्यावर लिटर, मशीनवर फॅट आणि एसएनएफ, कॉम्प्युटरवर खातं नंबर, आणि पावती बाहेर. आता फॅट ३.५, एसएनएफ ८.५ धरून भाव ठरतो आणि त्यात पॉइंट कमी-जास्त झाले की पैसे कमी-जास्त होतात, हे दूध घालणाऱ्या घरातल्या पोरांना मी सांगायला नको. बऱ्याच ठिकाणी दहा दिवसांनी बिल होतं. म्हणजे त्या पावतीमागची नोंद दहा दिवस जपली गेली पाहिजे. आणि ही नोंद केवढी? खातं, तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, भाव, रक्कम. शंभर बाइट धरा.

या शंभर बाइटसाठी आत काय काय होतं ते बघा. समजा मशीनमध्ये एसक्यूलाइट आहे आणि त्याची जुनी, म्हणजे रोलबॅक जर्नलची पद्धत चालू आहे. डेटाबेस ४ केबीच्या पानांत लिहितो. नोंदीमुळे निदान दोन पानं बदलतात: एक नोंदींचं, एक इंडेक्सचं. पण डेटाबेस असतो भित्रा, आणि तो तसाच असायला पाहिजे. तो विचार करतो, मी पान गिरवत असताना लाइट गेली तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं फाटकं पान राहील. म्हणून तो आधी दोन्ही पानांची जुनी प्रत जर्नल नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये उतरवतो. मग स्टोरेजला सांगतो, हे पक्कं लिहिलंस का? ‘हो’ आलं की मूळ पानं गिरवतो. पुन्हा विचारतो, पक्कं? ‘हो’. मग जर्नल खोडतो. हिशोब झाला चार पानं, १६ केबी. शंभर बाइटसाठी सोळा हजारांहून जास्त बाइट, आणि हा फक्त डेटाबेसचा हिशोब. त्याच्या खाली फाइल सिस्टिम आहे, तिचं स्वतःचं जर्नल आहे, कारण तीही भित्री. आणि सगळ्यात खाली मॉनिटर, तो तर गिरवतच नाही. तो प्रत्येक वेळी नवीन जागी लिहितो आणि जुनी प्रत त्याच्याकडे आपोआप शिल्लक असते!

कळलं का? ज्या जुन्या प्रतीसाठी डेटाबेस एवढा जीव काढतोय, ती प्रत खाली फळ्यावर तशीच पडलेली आहे. फक्त दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

हे फक्त छोट्या डेटाबेसचं दुखणं नाही. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी हे इंजिन १६ केबीचं पान आधी ‘डबलराइट’ नावाच्या जागी लिहितं, मग मूळ जागी. पोस्टग्रेस प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की ते अख्खं ८ केबीचं पान लॉगमध्ये टाकतं. कारण दोन्हीकडे एकच, फाटक्या पानाची भीती.

बरं, कुणी म्हणेल की एवढं आहे तर दर नोंदीला पक्कं करू नका, वीस नोंदी जमवा आणि एकदम लिहा. सॉफ्टवेअरमध्ये हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि चॅटच्या ॲपला तो चालतोही. पण दूध केंद्रावर नाही चालत. वीस जणांना पावत्या देऊन झाल्या आणि एकविसाव्याला लाइट गेली, तर वीस घरांचं दूध कॅनमध्ये आहे पण कॉम्प्युटरमध्ये नाही. मग चिटोऱ्या शोधा, वाद घाला. पावती छापली म्हणजे शब्द दिला. डेटाबेसच्या भाषेत याला ड्युरॅबिलिटी म्हणतात. यूपीआयचं तेच. पेढ्याच्या दुकानात ‘पैसे मिळाले’ असा स्पीकर बोलला की पेढे पिशवीत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात यूपीआयचे २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यातल्या प्रत्येकामागे कुठल्यातरी बँकेच्या डेटाबेसनं कुठल्यातरी स्टोरेजला ‘पक्कं का?’ असं विचारलेलं असतं.

आणि स्टोरेज नेहमी खरं बोलतं का? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी एक साधा, जरा क्रूर प्रयोग केला. बाजारात मिळणाऱ्या १५ एसएसडी घेतल्या आणि लिहिणं चालू असताना पुन्हा पुन्हा त्यांची वीज तोडली. १५ पैकी १३ मध्ये काही ना काही बिघडलं. कुठे बिट बदलले, कुठे पान फाटलं, कुठे लिहिण्याचा क्रमच उलटापालटा झाला. एखादी तर पूर्ण मेली. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडीमध्ये छोटे कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हातातलं काम संपवण्यापुरती वीज त्यांच्यात साठलेली असते. असं ड्राइव्ह ‘पक्कं’ लगेच म्हणू शकतं आणि ते खरंही असतं. स्वस्त चिपमध्ये कपॅसिटर नाही. म्हणजे वीज जिथे भरवशाची आहे तिथे संरक्षण, आणि जिथे पाऊस आला की जाते तिथे काही नाही. शेजारी भंडारदरा आणि घाटघरला वीज तयार होते, तरी आमच्याकडे मेणबत्ती हाताशी ठेवावी लागते, तसाच प्रकार.

मग उपाय काय? मला सगळ्यात आवडलेलं काम दक्षिण कोरियातलं आहे. सुंगक्युंक्वान विद्यापीठातल्या सांग-वॉन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक्स-एफटीएल नावाची रचना मांडली, आणि तीही खास एसक्यूलाइटसाठी. कल्पना सोपी आहे. डेटाबेसनं मॉनिटरला सांगायचं, ही दोन पानं एकाच व्यवहाराची आहेत. मॉनिटरनं ती मोकळ्या फळ्यावर लिहायची, पण वहीतली नोंद लगेच बदलायची नाही. ‘आता कमिट’ म्हटलं की वहीतल्या दोन्ही नोंदी एकदम बदलायच्या. आधी लाइट गेली तर जुनी वही, जुनी पानं, सगळं जागच्या जागी. नंतर गेली तर नवं सगळं जागेवर. जर्नलची गरजच नाही, चार पानांची दोन झाली.

ही गोष्ट कागदावर राहिली नाही, पण पूर्ण चिपपर्यंतही पोचली नाही. मधल्या थरात अडकली. सॅमसंगनं फ्लॅशसाठी बनवलेली एफटूएफएस नावाची फाइल सिस्टिम आहे, ती स्वतःच नवीन जागी लिहिते. तिनं असं ‘सगळं किंवा काहीच नाही’ लिहिण्याची सोय दिली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये एसक्यूलाइटच्या ३.२१ आवृत्तीनं ती वापरायला सुरुवात केली. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये एफटूएफएस असेल तर हे तुमच्या खिशात असण्याची बरीच शक्यता आहे.

आणखी एक बारीक मुद्दा. डेटाबेसला पुष्कळदा ‘आत्ताच लिही’ नको असतं, ‘याच्या आधी ते लिही’ एवढंच हवं असतं. क्रम हवा, घाई नको. पण जुन्या डिस्कच्या भाषेत क्रम सांगायला शब्दच नाही, म्हणून दर वेळी ‘सगळं पक्कं कर, मी थांबतो’ असं म्हणावं लागतं. २०१८ मध्ये, पुन्हा कोरियातच, हानयांग विद्यापीठातल्या गटानं नुसता क्रम सांगायची सोय फोनपासून सर्व्हरपर्यंत करून दाखवली. मला वाटतं हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

मोठ्या डेटा सेंटरचं दुखणं वेगळं. त्यांच्याकडे कपॅसिटर आहेत, त्यांना त्रास होतो मॉनिटरच्या उतरवाउतरवीचा. इथे भाताचं उदाहरण चपखल बसतं. एकाच खाचरात हळवं आणि गरवं भात मिसळून लावलं तर काय होईल? हळवं लवकर पिकून लोंब्या गळायला लागतील आणि गरवं अजून हिरवं असेल. खाचर मोकळं करून हरभरा पेरायचाय, पण गरवं काढता येत नाही. म्हणून कुणी शहाणा माणूस असं लावत नाही. मॉनिटर मात्र तसंच लावतो, कारण त्याला माहीतच नाही कुठला डेटा हळवा आणि कुठला गरवा. डेटाबेसचा लॉग चार मिनिटांत टाकाऊ होतो, ग्राहकाचं नाव दहा वर्षं राहतं, आणि दोघं एकाच फळ्यावर शेजारी. डेटाबेसला मात्र हे पक्कं माहीत असतं.

तर मग डेटाबेसनं सांगावं. पहिला प्रयत्न मल्टी-स्ट्रीमचा. सॅमसंगच्या लोकांनी २०१४ मध्ये मांडला, २०१७ मध्ये एनव्हीएमई या स्टँडर्डमध्ये आला. प्रत्येक लिहिण्याबरोबर एक खूण पाठवायची, एवढंच. कल्पना चांगली होती, पण वापरणारे फारसे निघाले नाहीत आणि २०२२ मध्ये लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमधून ती काढूनही टाकली. मग दुसऱ्या टोकाला गेले. २०२० मध्ये झेडएनएस आलं, झोन्ड नेमस्पेस. यात मॉनिटरला जवळजवळ घरी पाठवायचं. फळे उघडे दाखवायचे आणि डेटाबेसला सांगायचं, बाबा रे, ओळीनं लिही आणि पुसायचं केव्हा ते तूच ठरव. रॉक्सडीबीसारख्या डेटाबेसला हे छान जमतं, कारण तो मुळातच ओळीनं लिहितो आणि जुन्या फाइल अख्ख्या टाकून देतो. पण इनोडीबी, पोस्टग्रेस यांना गिरवायची सवय. त्यांनी झेडएनएस वापरायचं म्हणजे पाया खणून घर नव्यानं बांधायचं. मग २०२२ च्या शेवटी मधली वाट निघाली, एफडीपी, फ्लेक्झिबल डेटा प्लेसमेंट. मॉनिटर राहतो, गिरवताही येतं, फक्त डेटाबेस सांगतो की हे हळव्याच्या खाचरात टाक, ते गरव्याच्या. न सांगितलं तरी काही मोडत नाही. मला वाटतं टिकेल तर हेच टिकेल. जुनं सॉफ्टवेअर फेकून द्या म्हणणारा उपाय कितीही देखणा असला तरी तो मूठभर मोठ्या कंपन्यांपुरताच राहतो.

आणि फाटक्या पानाचं? सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्स ६.११ आलं. त्यात ड्राइव्ह कबूल करत असेल तर अमुक आकाराचं पान अख्खं लिहिलं जाईल किंवा अजिबात नाही, अशी हमी मागायची सोय झाली. म्हणजे डबलराइट आणि त्याच्यासारखी कामं पुढे बंद करता येतील. मुद्दा इतकी वर्षं माहीत होता, सोय आत्ता आली.

आता माझी तक्रार. या सगळ्यात पैसा आणि डोकं जातंय ते डेटा सेंटरकडे, कारण तिथे एकेक गिऱ्हाईक हजारांनी ड्राइव्ह घेतं. पण एक लाख कोटी डेटाबेस आहेत ते स्वस्त चिपवर: फोनमध्ये, काट्यामध्ये, तिकिटाच्या मशीनमध्ये, पेमेंटच्या स्पीकरमध्ये. त्यांना झोन नकोत, स्ट्रीम नकोत. त्यांना दोनच गोष्टी हव्यात. छोटा व्यवहार अख्खा लिही किंवा लिहूच नको, ही एक. आणि ‘पक्कं’ म्हणशील तेव्हा खरंच पक्कं असू दे, ही दुसरी. पहिलीसाठी बहुतांशी मॉनिटरचं सॉफ्टवेअर बदलायचंय, नवी चिप नाही. २०२४ मध्ये एसके हायनिक्सनं फोनसाठी झोनवाली स्टोरेज जाहीर केली, पण ती महागड्या फोनसाठी. आठ हजारांच्या फोनपर्यंत काय झिरपतं ते बघायचं.

मागच्या भागानंतर दोघा-तिघांनी विचारलं होतं, हे सगळं ठीक, आम्ही काय करायचं? ॲप लिहीत असाल तर एसक्यूलाइटचा वॉल मोड चालू करा. २०१० पासून आहे. त्यात जुनी प्रत जर्नलमध्ये न टाकता नवी पानं एका लॉगच्या शेवटी जोडली जातात, फ्लॅशला ते बरंच सुसह्य. पण एक बघा: वॉलमध्ये सिंक्रोनसची सेटिंग ‘नॉर्मल’ ठेवली तर लाइट गेल्यावर डेटाबेस मोडत नाही, मात्र शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. नोंदीमागे पावती असेल तर ‘फुल’ ठेवा. थोडं हळू चालेल, चालू दे.

आणि फोन वापरत असाल, तर स्टोरेज काठोकाठ भरू नका. मॉनिटरला मोकळे फळे लागतात. तुम्ही डिलीट केलेली जागा खरंच मोकळी झाली हे त्याला वेगळं कळवावं लागतं, त्याला ट्रिम म्हणतात. अँड्रॉइड ४.३ पासून फोन हे काम निवांत वेळ बघून, चार्जिंगवर असताना करतो. घरातले जुने फोन बहुतेक आईकडे नाहीतर आजीकडे जातात, त्यातली व्हॉट्सॲपची गुड मॉर्निंगची चित्रं एकदा साफ करून द्या आणि रात्री फोन चार्जरला राहू द्या. लाइट असली तर.